बिनतारी संवेदकांची जोडणी, गृहस्वयंचलनातील

बिनतारी संवेदकांची जोडणी, गृहस्वयंचलनातील : घरातील दिवे, पंखे, कुलुपे, धोक्याचे इशारे इत्यादींचे नियंत्रण आपोआप व्हावे म्हणून घरात ठिकठिकाणी लहान संवेदक बसवितात. तापमान, आर्द्रता, हालचाल, दाराची उघडझाप, धूर, पाण्याची गळती यांसारख्या राशी किंवा घटना ओळखून त्यांची माहिती रेडिओ तरंगांच्या द्वारे मध्यवर्ती नियंत्रकास कळविणे, हे या संवेदकांचे कार्य होय. नवा संवेदक जालात प्रविष्ट करून घेण्याच्या क्रियेस जोडणी म्हणतात. तीत संवेदकाची ओळख पटविणे, त्याला जालातील पत्ता देणे, त्याच्याकडे सांकेतिक किल्ली सोपविणे व त्याच्या क्षमतांची नोंद करून घेणे या गोष्टी येतात. ही क्रिया बहुधा काही सेकंदांत पूर्ण होते. तथापि ती अयशस्वी झाली, तर संवेदक स्वतः फारशी माहिती देऊ शकत नाही. त्याच्याजवळ एखादी कळ व लुकलुकणारा एक दिवा एवढेच काय ते असते. म्हणून जोडणी कोणत्या टप्प्यावर थांबली हे अनुमानाने ठरविणे, हा दोषनिवारणाचा मुख्य भाग ठरतो. प्रस्तुत नोंदीत जोडणीची प्रक्रिया, तीत येणारे अडथळे, ते शोधण्याचा क्रम व जोडणीनंतर संपर्क तुटण्याची कारणे यांचे विवेचन केले आहे. विवेचन मुख्यत्वे झिग्बी या पद्धतीस अनुलक्षून असून इतर पद्धतींचा उल्लेख आवश्यक तेथे केला आहे.

इतिहास : स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये एक्स-१० ही पद्धती विकसित केली. तीत घरातील विजेच्या तारांवरूनच सु. १२० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे संकेत पाठवीत असत. उपकरणाचा पत्ता त्याच्यावरील दोन फिरत्या चकत्यांनी ठरविला जाई. त्यामुळे जोडणी अशी वेगळी क्रिया नव्हती. मात्र शेजारच्या घरातील संकेत तारांवरून आपल्या घरात येणे व संकेत पोहोचल्याची पोच न मिळणे हे या पद्धतीचे दोष होते. बिनतारी पद्धतींमध्ये डेन्मार्कमधील झेनसिस या कंपनीची झेड-वेव्ह ही पद्धती आरंभीच्या पद्धतींपैकी एक होय. कमी शक्तीच्या व कमी वेगाच्या संदेशवहनासाठी आय ट्रिपल ई या संस्थेने ८०२.१५.४ हे मानक २००३ मध्ये प्रसिद्ध केले. या मानकाच्या पायावर झिग्बी आघाडीने (स्थापना २००२) आपला पहिला तपशील २००४ च्या अखेरीस संमत केला. झिग्बी हे नाव, मधमाशी नृत्याच्या साहाय्याने फुलांची दिशा इतर माश्यांना कळविते त्यावरून सुचलेले आहे. पुढे या आघाडीचे नाव २०२१ मध्ये कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्‌स अलायन्स असे झाले आणि तिने ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे निरनिराळ्या उत्पादकांच्या उपकरणांना समाईक असे मानक प्रसिद्ध केले.

भारतात २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्‌झ हा पट्टा आणि ८६५ ते ८६७ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आले. पहिल्या पट्ट्यात झिग्बी, वाय-फाय व ब्ल्यूटूथ, तर दुसऱ्यात झेड-वेव्ह कार्य करते.

जालाची रचना : झिग्बी जालात तीन प्रकारची उपकरणे असतात. समन्वयक हा एकच असतो. तो जाल स्थापन करतो, कोणती वाहिनी वापरावयाची ते ठरवितो आणि सांकेतिक किल्ली सांभाळतो. मार्गक हे घरातील वीजपुरवठ्यावर सतत चालणारे उपकरण असून (उदा., दिवा किंवा सॉकेटमध्ये बसविलेले नियंत्रक) ते स्वतःचे काम करतेच, शिवाय इतरांचे संदेश पुढे पाठविते. अंत्य उपकरण हे बहुधा घटावर चालते व बहुतेक काळ निद्रितावस्थेत असते. दाराचा किंवा तापमानाचा संवेदक हा या प्रकारचा होय.

अंत्य उपकरण कोणाशीही थेट बोलत नाही. ते समन्वयकास किंवा एखाद्या मार्गकास आपला पालक मानते आणि ठराविक काळाने जागे होऊन आपल्यासाठी काही संदेश आहे काय, अशी पालकाकडे पृच्छा करते. ते निद्रित असताना आलेले संदेश पालक थोडा वेळ राखून ठेवतो. पालक व अंत्य उपकरण यांच्यातील हे नाते समजून घेतल्यास पुढे वर्णिलेले पुष्कळसे दोष सहज उलगडतात.

जोडणीची प्रक्रिया : जोडणीचे पुढीलप्रमाणे सहा टप्पे मानता येतात. (१) नियंत्रकाला प्रवेश खुला करण्याची आज्ञा दिली जाते. ही मुदत मर्यादित असते. झिग्बीमध्ये ती एका वेळी जास्तीत जास्त २५४ सेकंदांची देता येते. (२) संवेदक एकामागून एक वाहिन्यांवर विचारणा प्रसृत करतो. ती ऐकणारा समन्वयक व मार्गक आपापला ओळखसंदेश पाठवितात. त्या संदेशात जालाचा क्रमांक, प्रवेश खुला आहे की नाही आणि आणखी उपकरण सामावून घेण्यास जागा आहे की नाही, ही माहिती असते. (३) आलेल्या उत्तरांपैकी योग्य ते उत्तर निवडून संवेदक त्या पालकाकडे प्रवेशाची विनंती करतो आणि त्याला १६ बिटांचा लघुपत्ता मिळतो. उत्पादनाच्या वेळी दिलेला ६४ बिटांचा कायम पत्ता याहून वेगळा असतो. (४) जालाची १२८ बिटांची सांकेतिक किल्ली संवेदकाकडे कूटबद्ध रूपात पाठविली जाते. ती उलगडता आली, तरच संवेदक खऱ्या अर्थाने जालाचा सभासद होतो. (५) नियंत्रक संवेदकास त्याचा उत्पादक, नमुना व क्षमता यांविषयी प्रश्न विचारतो. या टप्प्यास मुलाखत म्हणतात. (६) कोणती राशी किती काळाने किंवा किती फरक पडल्यावर कळवावयाची, याच्या सूचना संवेदकात नोंदविल्या जातात.

यांपैकी कोणताही टप्पा अपुरा राहिल्यास वापरणाऱ्यास ‘जोडणी झाली नाही’ एवढेच दिसते. प्रत्यक्षात दुसऱ्या टप्प्यातील अपयश बहुधा रेडिओचे किंवा संवेदकाच्या पूर्वस्थितीचे, तिसऱ्यातील जागेच्या अभावाचे, चौथ्यातील किल्लीचे आणि पाचव्या-सहाव्यांतील अपयश निद्रा, घट किंवा नियंत्रकातील कार्यक्रम यांच्याशी संबंधित असते.

अपयशाची कारणे : पूर्वीच्या जालाशी असलेले नाते : संवेदक एकदा कोणत्याही जालाचा सभासद झाला की, त्या जालाची किल्ली व क्रमांक तो आपल्या स्मृतीत जपून ठेवतो. घट काढून पुन्हा बसविला तरी ही माहिती नष्ट होत नाही. असा संवेदक नव्या जालाचा शोधच घेत नाही. तो जुन्या जालाला हाका मारीत राहतो. नियंत्रकाच्या यादीतून त्याचे नाव पुसल्याने हा प्रश्न सुटेलच असे नाही, कारण पुसण्याची आज्ञा दिली त्या वेळी संवेदक निद्रित असेल, तर ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी संवेदकावरील कळ उत्पादकाने सांगितलेल्या काळापर्यंत (सामान्यतः पाच ते दहा सेकंद) दाबून त्याला मूळ स्थितीत आणावे लागते. पुष्कळ संवेदकांत एकच कळ थोडा वेळ दाबल्यास केवळ चाचणीसंदेश जातो व अधिक वेळ दाबल्यास स्मृती पुसली जाते. दिव्याच्या लुकलुकण्यावरून यांतील भेद ओळखता येतो. झेड-वेव्ह पद्धतीत उपकरण जालातून वगळण्याची स्वतंत्र क्रिया असून ती कोणत्याही नियंत्रकाकडून करता येते. म्हणून त्या पद्धतीत अगदी नवे उपकरणही जोडले जात नसेल, तर प्रथम ते वगळून पाहण्याचा प्रघात आहे. कारखान्यातील चाचणीच्या वेळी झालेली जोडणी त्यात राहून गेलेली असू शकते.

सदनिकांच्या इमारतींत याच कारणाचा आणखी एक प्रकार आढळतो. शेजारच्या घरातील जालाचा प्रवेश त्याच वेळी खुला असेल, तर संवेदक तेथे प्रविष्ट होऊ शकतो. संवेदकाचा दिवा जोडणी यशस्वी झाल्याचे दर्शवितो, पण स्वतःच्या नियंत्रकात त्याची नोंद दिसत नाही. दोन्हींतील ही विसंगती हेच या दोषाचे लक्षण होय.

भिन्न पद्धती व भिन्न कंप्रता : झिग्बी व थ्रेड या दोन्ही पद्धती ८०२.१५.४ याच मानकाचा रेडिओ वापरतात. तथापि त्यांवरील संदेशांची रचना वेगळी असल्याने एकीचे उपकरण दुसरीच्या जालात प्रविष्ट होऊ शकत नाही. वेष्टनावर ‘बिनतारी’ एवढाच उल्लेख पाहून घेतलेली उपकरणे यामुळे निरुपयोगी ठरतात. झेड-वेव्हच्या बाबतीत प्रदेशाप्रमाणे कंप्रता बदलते : भारतात ८६५.२ मेगॅहर्ट्‌झ, यूरोपात ८६८.४२ मेगॅहर्ट्‌झ व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ९०८.४२ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रता ठरलेल्या आहेत. परदेशातील नातेवाइकांनी पाठविलेला किंवा तेथून येताना आणलेला संवेदक येथील नियंत्रकास ऐकूच येत नाही. त्यात काही बिघाड नसतो व कितीही प्रयत्न केले तरी तो जोडला जात नाही. शिवाय त्या कंप्रतेचा प्रेषक येथे वापरणे नियमांतही बसत नाही.

घट : लहान संवेदकांत बहुधा सीआर २०३२ हा लिथियम-मँगॅनीज डायऑक्साइड घट वापरतात. या नावातील अंकच त्याचा व्यास (२० मिमी.) व जाडी (३.२ मिमी.) दर्शवितात. त्याचा विद्युत् दाब ३ व्होल्ट व धारणक्षमता सु. २२० मिलिअँपिअर-तास असते. घट वापरला जाऊ लागला की, त्याचा अंतर्गत रोध वाढत जातो. केवळ व्होल्टमापक लावून पाहिल्यास जुना घटही २.९ व्होल्ट दाखवितो, कारण त्या वेळी त्यातून जवळजवळ प्रवाहच वाहत नसतो. अंतर्गत रोध ५० ओहम झालेला असेल व रेडिओने २० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर घटाच्या आतच १ व्होल्ट दाब खर्च होतो आणि संवेदकास १.९ व्होल्टच मिळतात. पुष्कळ संकलित मंडले यापेक्षा कमी दाबावर बंद पडून पुन्हा आरंभापासून कार्य करू लागतात. नेहमीचा संदेश काही मिलिसेकंदांत संपतो, परंतु जोडणीच्या वेळी ग्राही कितीतरी अधिक काळ चालू ठेवावा लागतो. म्हणूनच एरवी नियमितपणे माहिती कळविणारा संवेदक जोडणीच्या मध्येच मूक होतो. थंडीत अंतर्गत रोध आणखी वाढतो. नवा घट घालून पाहणे, हा सर्वांत स्वस्त व निर्णायक प्रयोग होय. घटाखालील अरोधक पट्टी काढावयाची राहणे आणि स्पर्शपट्ट्या वाकलेल्या किंवा मळलेल्या असणे, ही कारणे क्षुल्लक वाटली तरी वारंवार आढळतात.

व्यतिकरण : २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात ८०२.१५.४ मानकाच्या १६ वाहिन्या असून त्यांना ११ ते २६ असे क्रमांक दिले आहेत. ११ क्रमांकाच्या वाहिनीची मध्य कंप्रता २,४०५ मेगॅहर्ट्‌झ असून पुढील प्रत्येक वाहिनी ५ मेगॅहर्ट्‌झ अंतरावर आहे. २६ वी वाहिनी २,४८० मेगॅहर्ट्‌झवर येते. प्रत्येक वाहिनी सु. २ मेगॅहर्ट्‌झ रुंदी व्यापते. याउलट वाय-फायची एक वाहिनी सु. २० मेगॅहर्ट्‌झ रुंदी व्यापते व तिची शक्तीही सामान्यतः अधिक असते. वाय-फायच्या १, ६ व ११ या वाहिन्यांच्या मध्य कंप्रता अनुक्रमे २,४१२, २,४३७ व २,४६२ मेगॅहर्ट्‌झ आहेत. त्यांच्या मधल्या फटींत झिग्बीच्या १५ व २० या वाहिन्या, तर त्यांच्यापलीकडे २५ व २६ या वाहिन्या पडतात. वाय-फाय ४० मेगॅहर्ट्‌झ रुंदीने चालविल्यास यांपैकी काही फटी उरत नाहीत. २६ व्या वाहिनीवर काही उपकरणे कमी शक्तीने प्रेषण करतात किंवा ती वाहिनी मुळीच वापरीत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

झिग्बी उपकरण प्रेषणापूर्वी वाहिनी मोकळी आहे काय ते ऐकते; ती व्यापलेली आढळल्यास यदृच्छ काळ थांबून पुन्हा प्रयत्न करते व ठराविक प्रयत्नांनंतर तो संदेश सोडून देते. म्हणून समन्वयक वाय-फायच्या यंत्राला अगदी लागून ठेवणे अयोग्य होय. यूएसबी ३.० जोडणीच्या तारा व चकत्याही २.४ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास विद्युत् गोंगाट निर्माण करतात; इंटेल कंपनीने २०१२ मध्ये याविषयीची मापने प्रसिद्ध केली. संगणकात थेट खोचलेला समन्वयक या गोंगाटामुळे दूरच्या क्षीण संकेतांना बहिरा होतो, परंतु त्याचे स्वतःचे प्रेषण मात्र दूरवर ऐकू जाते. अशा समन्वयकास सु. एक मीटर लांबीच्या तारेने संगणकापासून दूर ठेवणे आणि यूएसबी २.० ची खोबण वापरणे एवढ्यानेच पुष्कळ ठिकाणी दोष नाहीसा होतो. सूक्ष्मतरंग भट्टीही २.४५ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास कार्य करीत असल्याने ती चालू असताना जोडणी करू नये.

इमारतीचा परिणाम : २.४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांची लांबी सु. १२.५ सेंमी. असते. मोकळ्या जागेत १० मी. अंतरावर संकेताची सु. ६० डेसिबेल घट होते. सलोह काँक्रीटच्या भिंती, लोखंडी कपाटे, आरसे व पाण्याच्या टाक्या यांमुळे तीत मोठी भर पडते. धातूच्या चौकटीवर चिकटविलेल्या दाराच्या संवेदकाचा आकाशक धातूच्या सान्निध्यामुळे आपल्या योजिलेल्या कंप्रतेपासून ढळतो. परावर्तित तरंग एकमेकांना छेद देत असल्याने एखाद्या जागी संकेत अतिशय क्षीण असतो व काही सेंमी. सरकल्यावर तो पुरेसा मिळतो. यास्तव संवेदक प्रथम नियंत्रकाच्या जवळ एक-दोन मीटरांवर आणून जोडावा, अशी शिफारस करतात. मात्र या शिफारशीला एक मर्यादा आहे. जवळ जोडलेला संवेदक नियंत्रकालाच पालक मानतो आणि काही उत्पादकांचे संवेदक नंतर दूर नेल्यावरही पालक सहजासहजी बदलीत नाहीत. अशा संवेदकाची जोडणी तो कायमचा जेथे बसवावयाचा तेथेच व जवळच्या मार्गकामार्फत करणे श्रेयस्कर ठरते. काही नियंत्रकांत केवळ एका निवडलेल्या मार्गकापुरताच प्रवेश खुला करण्याची सोय यासाठीच केलेली असते.

जागेचा अभाव : पालकास आपल्या प्रत्येक अंत्य उपकरणाची नोंद स्मृतीत ठेवावी लागते व ही स्मृती मर्यादित असते. साध्या समन्वयकांत वीस-तीस अंत्य उपकरणांनंतर जागा संपू शकते. त्यानंतर येणाऱ्या संवेदकाला ओळखसंदेश मिळतो, परंतु त्यात जागा नसल्याची नोंद असते. ‘आतापर्यंत सर्व संवेदक जोडले गेले, हा एकच जोडला जात नाही’ अशा तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच कारण असते. मार्गकांची संख्या वाढविणे हा यावर उपाय होय.

किल्लीचा दोष : जालाची किल्ली नव्या संवेदकाकडे पाठविताना ती एका दुसऱ्या किल्लीने कूटबद्ध करावी लागते. त्यासाठी सर्व झिग्बी उपकरणांत एक समाईक किल्ली असते. ती आता सर्वश्रुत आहे. झिग्बी ३.० पद्धतीत संवेदक प्रविष्ट झाल्यावर ही समाईक किल्ली टाकून देऊन स्वतःपुरती नवी किल्ली मागतो. जुन्या पद्धतीच्या संवेदकास हे जमत नाही व समन्वयकाने ते सक्तीचे केले असल्यास तो काही सेकंदांतच जालाबाहेर घालविला जातो. काही उपकरणांवर स्वतंत्र जोडणी-संकेतांक छापलेला असतो; त्याच्या अखेरीस तपासणीचे दोन बाइट असल्यामुळे टंकलेखनातील चूक नियंत्रकास ओळखता येते. झेड-वेव्हच्या एस-२ या सुरक्षापद्धतीत उपकरणावर छापलेल्या किल्लीतील पहिले पाच अंक द्यावे लागतात. ते चुकल्यास किंवा वेळेत न दिल्यास सुरक्षित जोडणी होत नाही. उपकरण सुरक्षेविना प्रविष्ट झाले, तर कुलपासारखी साधने आज्ञा पाळीत नाहीत.

अपूर्ण मुलाखत : जोडणी होते, संवेदक यादीत दिसतो, पण त्याचे नाव किंवा मापने दिसत नाहीत, असे झाल्यास मुलाखत अर्धवट राहिली असे समजावे. प्रश्नोत्तरे चालू असतानाच संवेदक निद्रित झाला, हे याचे नेहमीचे कारण होय. मुलाखत पुन्हा सुरू करून दर दोन-तीन सेकंदांनी संवेदकाची कळ हलकेच दाबत राहिल्यास तो जागा राहतो. मुलाखत पूर्ण होऊनही मापने दिसत नसतील, तर त्या नमुन्याची माहिती नियंत्रकाच्या कार्यक्रमात नसण्याचा संभव असतो. तेव्हा रेडिओविषयक उपाय करीत राहणे व्यर्थ होय.

तपासणीचा क्रम : एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे हा दोषशोधनाचा पहिला नियम होय. सोयीचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. प्रथम पद्धती व कंप्रता जुळतात याची वेष्टनावरून खात्री करावी. नंतर नवा घट घालावा, संवेदक मूळ स्थितीत आणावा, प्रवेश खुला करावा व मगच जोडणीची कळ दाबावी. यश न आल्यास ज्ञात चांगला असा दुसरा संवेदक त्याच जागी जोडून पहावा. तोही जोडला गेला नाही, तर दोष नियंत्रकाकडे, वाहिनीत किंवा जागेच्या अभावात आहे. जोडला गेला, तर दोष पहिल्या संवेदकात आहे. त्यानंतर समन्वयक गोंगाटाच्या उगमांपासून दूर नेऊन पुन्हा प्रयत्न करावा. सर्वांत शेवटी वाहिनी बदलावी, कारण त्या बदलाची वार्ता निद्रित संवेदकांपर्यंत पोहोचेलच असे नाही व पूर्वी जोडलेले संवेदक पुन्हा जोडण्याची पाळी येऊ शकते. याच कारणास्तव समन्वयक बदलताना त्याच्यातील किल्ली, जालक्रमांक व उपकरणांच्या नोंदी यांची प्रत आधीच काढून ठेवणे इष्ट असते. नियंत्रकातील घटनानोंद व त्याच वाहिनीवर केवळ ऐकण्याचे काम करणारा दुसरा ग्राही यांच्या साहाय्याने वर दिलेल्या सहा टप्प्यांपैकी शेवटचा पूर्ण झालेला टप्पा निश्चित ओळखता येतो.

जोडणीनंतर संपर्क तुटणे : जोडणी यशस्वी होणे म्हणजे संवेदक विश्वसनीय होणे नव्हे. भारतातील घरांत सॉकेटला व दिव्याला स्वतंत्र बटण असते आणि रात्री किंवा घराबाहेर पडताना ती बंद करण्याची सवय असते. मार्गकाचे काम करणारा दिवा असा बंद झाला की, त्याच्यावर अवलंबून असलेले सर्व संवेदक पोरके होतात. काही संवेदक दुसरा पालक शोधतात. काही तसा शोध उशिरा घेतात किंवा घेतच नाहीत. वीजपुरवठा खंडित झाल्यावर सर्व मार्गक एकदम बंद व एकदम सुरू होतात, त्या वेळीही असेच घडते. म्हणून मार्गक म्हणून कायम चालू राहणारी उपकरणेच वापरावीत व शक्य तेथे प्रत्येक संवेदकास दोन मार्गक ऐकू येतील अशी मांडणी करावी.

या दोषाचे गांभीर्य त्याच्या मूकपणात आहे. हालचालीचा संवेदक तुटला, तर दिवा लागत नाही व दोष त्याच दिवशी कळतो. पाण्याच्या गळतीचा किंवा धुराचा संवेदक तुटला, तर काहीच घडत नाही; आणि काहीच न घडणे हीच त्याची नेहमीची अवस्था असल्याने कोणासही शंका येत नाही. नियंत्रक बहुधा शेवटचे कळविलेले मूल्यच दाखवीत राहतो. महिन्यांपूर्वी मूक झालेल्या संवेदकासमोर ‘गळती नाही’ असे लिहिलेले असू शकते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी दूरच्या नातेवाइकांनी अशा संवेदकांवर भिस्त ठेवली असेल, तर ही निश्चिंती संवेदक मुळीच नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते. यासाठी मूल्याबरोबर शेवटचा संदेश केव्हा आला ते पाहणे, ठराविक काळ संदेश न आल्यास इशारा मिळेल अशी योजना करणे आणि महिन्यातून एकदा चाचणीची कळ दाबून किंवा गळतीच्या संवेदकाखाली ओले फडके ठेवून प्रत्यक्ष परीक्षा घेणे आवश्यक असते. धुराचा इशारा देणारे साधन जालावर अवलंबून न राहता जागीच मोठा आवाज करणारे असावे. जालाकडून मिळणारी सूचना ही केवळ पूरक समजावी.

सुरक्षितता : दोष सापडत नाही म्हणून प्रवेश दीर्घकाळ खुला ठेवणे किंवा सुरक्षेचे पर्याय बंद करणे हा मोह टाळणे जरूर आहे. प्रवेश खुला असताना समाईक किल्लीने कूटबद्ध केलेली जालाची किल्ली जवळपासच्या कोणासही ऐकून उलगडता येते. उपकरण अगदी जवळ धरून जोडण्याच्या पद्धतीतील अंतराची अट एका प्रकारच्या दिव्यांत चुकवता येते, हे इझ्राएलमधील वाइझमान संस्था व कॅनडातील डॅलहौसी विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर त्या दिव्यांतील कार्यक्रम सुधारण्यात आला. म्हणून जोडणी संपताच प्रवेश बंद करणे, यादीत अनोळखी उपकरण नाही हे पाहणे आणि दुसऱ्यास देऊन टाकावयाचा किंवा टाकून द्यावयाचा संवेदक प्रथम मूळ स्थितीत आणणे, या तीन गोष्टी नियमाने कराव्यात. टाकून दिलेल्या संवेदकाच्या स्मृतीत घराच्या जालाची किल्ली शिल्लक असते.

मॅटरसारख्या समाईक मानकांमुळे जोडणीचा संकेतांक एकसारखा झाला असून आरंभीचा संपर्क बहुधा ब्ल्यूटूथद्वारे, म्हणजे हातातील दूरध्वनीवरून, होतो. त्यामुळे भिन्न पद्धतींतून उद्‌भवणारे पुष्कळ दोष कमी होतात. तथापि घटाचा अंतर्गत रोध, काँक्रीटच्या भिंती, एकाच पट्ट्यात दाटलेली उपकरणे व निद्रित संवेदक यांचा संबंध मानकाशी नसून पदार्थविज्ञानाशी आहे. ते दोष नव्या पद्धतींतही राहतात आणि ते शोधण्याचा मार्गही तोच राहतो.